वर्ज्य रोगी

इ. स. १८६२ सालीं एडविन स्मिथ नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें मिसर देशांतील लक्सर येथें मुस्तफा आगा नांवाच्या व्यापाऱ्याकडून पपायरसाची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. स्मिथला प्राचीन मिसरी लिपीचें बरेंच ज्ञान होतें, आणि हातीं आलेलें लिखाण वैद्यकाचें आहे एवढें त्यानें ओळखलें होतें. १९०६ सालीं तो वारल्यावर त्याच्या मुलीनें ही गुंडाळी न्यूयॉर्कच्या इतिहास-संस्थेस देऊन टाकली, आणि पुढें १९३० सालीं शिकागो विद्यापीठाचे पंडित जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनीं तिचें भाषांतर टीकेसह दोन खंडांत प्रसिद्ध केलें. तें वाचून विद्वानांस मोठा अचंबा वाटला. प्राचीन मिसरी वैद्यक म्हटलें कीं मंत्र, ताईत आणि भुतांची हकालपट्टी ही जी कल्पना रूढ होती, तिचा या ग्रंथांत मागमूस जवळजवळ नव्हता. येथें एक वैद्य रोग्याजवळ बसून, जखमेंत बोट घालून, काय दिसतें आणि काय लागतें तें शांतपणें सांगत होता.

या ग्रंथांत ४८ रोग्यांचीं वर्णनें आहेत. हातीं आलेली प्रत इ. स. पूर्वीं सुमारें १६०० या काळांतली असली, तरी ती त्याहून कित्येक शतकें जुन्या ग्रंथाची नक्कल असावी, असें तिच्या भाषेवरून जाणते लोक मानतात. रोग्यांचा क्रम डोक्यापासून खालीं असा लावलेला आहे. आधीं कवटी, मग नाक, जबडा, मान, खांदे, छाती. आणि पाठीच्या कण्याशीं येऊन पोंचल्यावर, अठ्ठेचाळिसाव्या रोग्याचें वर्णन चाललें असतां, नकलकारानें वाक्य अर्धेंच टाकून लेखणी खालीं ठेवली आहे. कां ठेवली, कोणास ठाऊक!

रोगी तपासून झाल्यावर वैद्यानें निर्णय काय द्यावा, हेंही ग्रंथकारानें ठरवून दिलें आहे. निर्णयाचे प्रकार तीनच. उपचारानें बरें होणारें दुखणें हा पहिला. ज्याच्याशीं झुंजून पाहावें, पण यशाची हमी देऊं नये, असें दुखणें हा दुसरा. आणि ज्यावर उपचार करावयाचाच नाहीं असें दुखणें हा तिसरा. कवटी फुटून मेंदू उघडा पडलेल्या एका रोग्याचें वर्णन करतांना, वितळलेल्या तांब्यावर उठणाऱ्या सुरकुत्यांसारख्या वळ्या आंत दिसतात, असें तो लिहितो. मेंदूचें हें आपल्याला ठाऊक असलेलें पहिलें लेखी वर्णन होय. मानेचा मणका सरकलेल्या रोग्याविषयीं तो सांगतो कीं, त्याला आपल्या हातापायांची जाणीव नसते आणि त्याची लघवी नकळत ठिबकत राहते. आणखी एकाचा मणका चेचून शेजारच्या मणक्यांत रुतला आहे; त्याची वाचा गेली आहे; आणि तो डोकें खालीं होऊन पडला म्हणून असें झालें, असा खुलासाही पुढें जोडला आहे. इमारतीवरून पडलेला हा कोणी पाथरवट होता कीं शिडीवरून घसरलेला शिपाई, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. कण्याच्या अशा दोन्ही रोग्यांस निर्णय मात्र तिसराच मिळाला आहे.

या निर्णयाबद्दल त्या वैद्यास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें जें पाहिलें तें खरें होतें. असे रोगी मरत. परंतु एकदां दिलेला हा निर्णय पुढें जवळजवळ साडेतीन हजार वर्षें कोणी फिरवला नाहीं, आणि त्या दीर्घ काळांत तो रोग्याविषयींच्या अनुभवापेक्षां वैद्याच्या संवयीचा भाग अधिक होऊन बसला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आपल्याकडील शास्त्रही याहून निराळें बोलत नाहीं. सुश्रुतानें हाडांचे व सांध्यांचे भंग किती बारकाईनें वर्णिले आहेत, हें त्याचें भग्ननिदान वाचणाऱ्यास सांगावयास नको. मोडलेला हात कसा ओढावा, बांबूच्या कामट्या कशा बांधाव्या, हें सारें सांगणाऱ्या या थोर शस्त्रवैद्यानेंही शंखप्रदेश, पाठ आणि मस्तक येथील भंग वर्ज्य म्हणून बाजूस काढले आहेत. चरकसंहितेंत तर असाध्य रोग्याला हात घालणाऱ्या वैद्याचें धन, विद्या आणि यश यांची हानि होते, असा स्पष्ट इशारा आहे. हा इशारा व्यवहाराला धरून आहे हें खरें. पण त्यांत जपणूक कोणाची होते? रोग्याची खास नव्हे.

ग्रीक लोकांत एक अघोरी प्रकार चाले. पाठ मोडलेल्या किंवा कुबड आलेल्या माणसाला शिडीला बांधीत, आणि ती शिडी उंचावरून खालीं आपटीत. हिप्पोक्रेटीसनें हा प्रकार वर्णिला आहे. पण असे खेळ बहुधा बघ्यांची गर्दी जमविण्याच्या हौसेनें केले जातात, असा टोलाही त्यानें मारला आहे. पुढें गेलननें जनावरांचा मज्जारज्जु निरनिराळ्या उंचीवर कापून, कोणत्या ठिकाणीं कापला असतां शरीराचा कोणता भाग लुळा पडतो, हें दाखवून दिलें. ज्ञान वाढलें. रोग्याच्या नशिबांत फरक पडला नाहीं.

१८०५ सालीं ट्रफॅल्गारच्या लढाईंत नेल्सनच्या कण्यांत गोळी घुसली, तेव्हां त्याच्या जहाजावरील शस्त्रवैद्य बीटी यानें, आतां कांहीं करतां येण्यासारखें नाहीं, असें त्याला सांगितलें. नेल्सनला तें आधींच उमगलें होतें. कांहीं महिन्यांपूर्वीं त्याच जहाजावर एका खलाशाच्या पाठीच्या कण्यास अपघातानें इजा होऊन तो मेला होता, आणि त्याच्या दुखण्याचीं लक्षणें नेल्सनच्या लक्षांत होतीं. सेनापतीची हकीकत जगानें लिहून ठेवली. खलाशी तिच्या ओघानें आठवणींत राहिला इतकेंच.

आतां १९१७ साल. जर्मन साम्राज्याच्या अप्पर सायलीशिया प्रांतांत, कोनिग्सह्युट्टे या कोळशाच्या खाणींच्या गांवीं, खाणकामगारांसाठीं एक अपघात-इस्पितळ होतें. तेथें लुडविग गुटमान नांवाचा अठरा वर्षांचा एक ज्यू मुलगा स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. एके दिवशीं एक धिप्पाड तरुण खाणकामगार आणण्यांत आला. त्याचा कणा मोडला होता, आणि खालचें अंग निर्जीव झालें होतें. त्याला पडद्याआड ठेवण्यांत आलें. गुटमान त्याची हकीकत टिपून घेऊं लागला, तेव्हां, हा माणूस थोड्याच आठवड्यांत मरावयाचा आहे, त्याच्याविषयीं लिहिण्याचे श्रम घेऊं नकोस, असें त्याला सांगण्यांत आलें. रोगी सुमारें पांच आठवड्यांनीं मेलाही. गुटमाननें पुढें जन्मभर ही गोष्ट सांगितली.

हा कामगार कशानें मेला? येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण सारें मर्म या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. कणा मोडल्यानें तो मेला नाहीं. मज्जारज्जु तुटला म्हणजे त्याखालच्या अंगाची संवेदना जाते. धडधाकट माणूस झोपेंतही दर थोड्या वेळानें कूस बदलतो, कारण दाबलेल्या अंगाची कुरकुर मेंदूपर्यंत पोंचत असते. या रोग्याची ती कुरकुर पोंचत नाहीं. तो तासन् तास एकाच बाजूवर पडून राहतो. कटीच्या मागच्या हाडावर, टांचांवर, खुब्यांवर अंगाचा भार पडून तेथील रक्त थांबतें, कातडें काळें पडतें, आणि हाडापर्यंत पोंचणारे शय्याव्रण होतात. दुसरीकडे, मूत्राशय भरलें तरी त्याला समजत नाहीं. लघवी तुंबते, ती काढण्यास नळी घालावी तर नळीवाटे जंतु शिरतात, आणि ते वर चढून मूत्रपिंडांचा नाश करतात. व्रणांचें विष आणि मूत्रपिंडांचें विष या दोहोंनीं माणूस झिजून मरतो. पहिल्या महायुद्धांत कण्याला जखम झालेल्या सैनिकांपैकीं शेंकडा ८० अशा रीतीनें गेल्याचें सांगतात. म्हणजे माणसास मारी तो मोडलेला मणका नव्हे. कूस बदलून देण्यास व नळी स्वच्छ ठेवण्यास कोणी नसणें, हें त्याला मारी. आणि तसें कोणी नसे, कारण तो मरणार हें आधींच ठरलेलें असे! मिसरी वैद्यानें रोग्याकडे पाहून निर्णय दिला होता. या इस्पितळांतून निर्णय आधीं तयार असे, आणि रोगी त्याप्रमाणें वागे.

गुटमान पुढें ब्रेस्लाव येथें ओट्फ्रिड फोर्स्टर या विख्यात मज्जातंतुतज्ज्ञाच्या हाताखालीं तयार झाला. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आल्यावर ज्यू म्हणून त्याची जागा गेली, आणि तो गांवांतल्या ज्यू इस्पितळांत काम करूं लागला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं जर्मनीभर ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें व दुकानें जाळलीं गेलीं. त्या रात्रीं, जो कोणी दाराशीं येईल त्याला रोगी म्हणून दाखल करून घ्यावें, असा हुकूम गुटमाननें दिला. ६४ माणसें आंत आलीं. दुसऱ्या दिवशीं गुप्त पोलीस येऊन एकेकाची झडती घेऊं लागले, तेव्हां हा डॉक्टर खाटेखाटेपाशीं उभा राहून प्रत्येकाला कांहीं ना कांहीं भयंकर रोग जोडून देत होता. ६४ पैकीं ६० वांचले. निदानाचा असा उपयोग वैद्यकाच्या इतिहासांत विरळा. पुढें मार्च १९३९ मध्यें तो बायकोमुलांसह इंग्लंडांत ऑक्सफर्डला पोंचला.

ऑक्सफर्डला त्याला आश्रय मिळाला तो ह्यू केर्न्स या शस्त्रवैद्याच्या विभागांत. केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियन. बोस्टनमध्यें हार्वी कुशिंग यांच्याजवळ मेंदूची शस्त्रक्रिया शिकलेले. त्यांचा उल्लेख येथें ओझरता करून भागणार नाहीं, कारण कण्याविषयीं गुटमाननें जें केलें, तेंच डोक्याविषयीं केर्न्स यांनीं निराळ्या मार्गानें केलें. १३ मे १९३५ रोजीं, 'अरबस्तानचा लॉरेन्स' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराजवळ मोटार-सायकलीवरून चालला असतां, सायकलीवरील दोन मुलांना चुकविण्याच्या भरांत फेंकला गेला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याच्या उशाशीं बोलाविलेल्या वैद्यांत केर्न्स होते. फुटलेल्या डोक्यापुढें आपली विद्या कोठवर चालते हें त्यांनीं तेथें पाहिलें, आणि डोकें फुटण्याच्या आधींच कांहीं करतां येईल काय, याकडे त्यांचें लक्ष वळलें. १९४१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्यें २,२७९ मोटार-सायकलस्वार व त्यांच्या मागें बसलेलीं माणसें रस्त्यांवर मेलीं होतीं. त्यांनीं पाहिलेल्या जखमी स्वारांत शिरस्त्राण घातलेले अवघे सातजण निघाले, आणि ते सातही जगले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटार-सायकलस्वारांस शिरस्त्राणाची सक्ती केली. सामान्य नागरिकांना मात्र तो कायदा लागू होण्यास १९७३ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत केर्न्स यांना जाऊन वीस वर्षें झालीं होतीं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतील ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें, असें सरकारी अहवाल सांगतो. आणि २०१९ सालीं याच शिरस्त्राणाच्या सक्तीविरुद्ध विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यांत लोक निषेधासाठीं रस्त्यावर उतरले होते! मान दुखते, ऐकूं येत नाहीं, केंस झडतात, गांवांत वेग तो काय असतो, हे आक्षेप मींही आमच्या बैठकींतून ऐकले आहेत. लॉरेन्सही घरापासून फार लांब नव्हता.

१९४४ च्या आरंभीं युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी चालली होती. त्या चढाईंत कण्याला जखमा झालेले पुष्कळ सैनिक परत येतील हें ओळखून ब्रिटिश सरकारनें लंडनच्या वायव्येस एल्सबरीजवळ, स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळांत एक खास विभाग उघडण्याचें ठरविलें, आणि तो गुटमानकडे सोंपविला. अशा विभागाची कल्पना अगदींच नवी नव्हती. बोस्टनमध्यें डोनल्ड मन्रो यांनीं १९३६ सालींच अपघातांतील अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र सोय केली होती. तरी संशोधनांत नांव मिळविलेल्या माणसानें हें निराशेचें काम पत्करावें, याचें गुटमानच्या अनेक सहकाऱ्यांस नवल वाटलें. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं, २६ खाटांवर, बैठ्या बराकींत काम सुरूं झालें.

त्यानें काय केलें तें सांगूं गेल्यास ऐकणाऱ्याची थोडी निराशाच होते. प्लॅस्टरच्या साच्यांत जखडून आलेल्या रोग्यांचे साचे त्यानें काढून टाकले. दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, प्रत्येक रोग्याची कूस बदललीच पाहिजे, असा नियम केला. आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास स्वतः अपरात्रीं येऊन फेऱ्या घालूं लागला. लघवीची नळी घालण्याचें काम, जें कोणाहीकडे ढकललें जाई, तें शस्त्रक्रियेइतकेंच निर्जंतुक पद्धतीनें आणि आरंभीं आपल्या हातानें करूं लागला. या सुमारास पेनिसिलिन मिळूं लागलें होतें, आणि त्याचें साहाय्य मोठें झालें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु औषध कितीही प्रभावी असलें तरी तें माणसाची कूस बदलीत नाहीं. नव्या शोधाच्या नांवानें दाखवितां येण्यासारखें त्या विभागांत थोडेंच होतें. तेथें होता तो एक अत्यंत तापट, हट्टी डॉक्टर, आणि त्याच्या धाकानें दर दोन तासांनीं उठणाऱ्या परिचारिका व अर्दली. व्रण भरूं लागले. मरावयास पाठविलेलीं माणसें मरेनात.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला: जगलेल्या माणसानें करावें काय? मज्जारज्जु पुन्हां जुळत नव्हता. आजही तो जुळविण्याची विद्या वैद्यांच्या हातीं आलेली नाहीं. तेवढ्यापुरता मिसरी वैद्याचा शब्द अजून उभा आहे. गुटमाननें रोग्यांना सुतारकाम व घड्याळें दुरुस्त करण्याचें काम शिकविण्याची सोय केली, आणि चाकांच्या खुर्चींत बसून खेळ खेळावयास लावले. ज्या दिवशीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्‌घाटन झालें, त्याच दिवशीं, २९ जुलै १९४८ रोजीं, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया अशा सोळा जणांची खुर्चींत बसून धनुर्विद्येची स्पर्धा झाली. १९५२ सालीं हॉलंडांतून खेळाडू आले, आणि १९६० सालीं रोम येथें २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले. आज ज्यांना पॅरालिंपिक म्हणतात त्या सामन्यांचा उगम हा असा आहे.

मध्यंतरीं ९ डिसेंबर १९४५ रोजीं अमेरिकन सेनापति पॅटन यांची मोटार मॅनहाइमजवळ एका लष्करी ट्रकवर आदळली, आणि त्यांची मान मोडली. केर्न्स यांना विमानानें हायडेलबर्गला नेण्यांत आलें. सारें युद्ध ओरखडाही न लागतां पार पाडलेले हे सेनापति बारा दिवसांनीं तेथील इस्पितळांत वारले. त्याच हायडेलबर्गला १९७२ सालीं अपंगांचे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर पोहण्यासाठीं पाण्यांत उतरले. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून या जवानाचें कमरेखालचें अंग लुळें झालें होतें. अंगांतला मुष्टियोद्धा मात्र तसाच होता. ५० मीटरचें अंतर त्यांनीं ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविलें. या सामन्यांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय. सरकारला त्यांना पद्मश्री देण्याची आठवण २०१८ सालीं झाली. पुण्याजवळ खडकी येथें कण्याच्या दुखापतीनें अपंग झालेल्या सैनिकांसाठीं १९७४ पासून पुनर्वसन-केंद्र चालूं आहे. तेथें तोंडांत कुंचला धरून चित्रें काढणारे जवान आहेत.

परंतु आपल्या देशांतील या कामाचा आरंभ सैनिकापासून झाला नाहीं. १९५४ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील तरुण डॉक्टर मंडळी सहलीला निघाली असतां त्यांच्या मोटारीला अपघात झाला. मेरी व्हर्गीस या मूळच्या केरळच्या डॉक्टरीणबाई त्यांत होत्या. त्यांच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचें अंग कायमचें गेलें. वय तिशीच्या आंत. आणि शस्त्रवैद्य होण्याची हौस. दिवसचे दिवस उभें राहून करावयाचें हें काम आतां सुटलें असेंच कोणीही म्हटलें असतें. पॉल ब्रँड या त्यांच्या वरिष्ठ शस्त्रवैद्यांनीं मात्र सुचविलें कीं, महारोग्यांच्या आंखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करावयाची ती शस्त्रवैद्य बसूनच करतो. मेरीबाईंनीं चाकांच्या खुर्चींत बसून तें काम शिकून घेतलें, आणि बोटें वाकडीं झालेल्या रोग्यांचे हात त्या सरळ करूं लागल्या. पुढें ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें उपचार घेऊन आणि न्यूयॉर्कला पुनर्वसनाच्या शास्त्राचा अभ्यास करून त्या परतल्या. १९६६ सालीं वेल्लोरला रोग्यांस ठेवून घेण्याची सोय असलेली पुनर्वसन-संस्था उघडली, तिच्या उभारणीचें काम त्यांनींच केलें होतें. झाडावरून, विहिरींत, गाडीखालीं पडून पाठ मोडलेलीं माणसें खेड्यापाड्यांतून तेथें येऊं लागलीं. आणि त्यांना तपासावयास येणारी डॉक्टर स्वतःच चाकांच्या खुर्चींत बसून येई.